दुपारी श्वास सोडणारी विहीर

नोकरीत असताना माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून पिशवीत हवा भरते." त्यात चूक काहीच नव्हतं. फक्त हे काम करायला एवढं शिकावं का लागलं, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि मलाही ते नीट सांगता आलं नाही. आता निवृत्त झाल्यावर या अंकाच्या निमित्ताने प्रयत्न करते.

पिशवी म्हणजे खोलीएवढी पारदर्शक पिशवी. तव्याला ज्याचा मुलामा देतात त्या टेफ्लॉनची. ती पाइपांच्या सांगाड्याला टांगायची. तिच्यात धुऊन-पुसून, गाळून घेतलेली हवा भरायची. इतकी स्वच्छ, की तिच्यात धुळीचा, धुराचा, परागाचा एकही कण उरू नये. मग त्या हवेत नखभर वायू सोडायचा, ऊन दाखवायचं आणि वाट बघत बसायचं. कण जन्माला येण्याची वाट.

धूळ कशातून तरी झिजून निघते, धूर कशातून तरी जळून. पण हवेतले काही कण कशाचेही तुकडे नसतात. वायूचे रेणू एकमेकांना भेटतात, चिकटतात, आणि जिथे क्षणापूर्वी काही नव्हतं तिथे काहीतरी असतं. गंधकाच्या आम्लाचे रेणू असे सारखे भेटत असतात, पण बहुतेक वेळा लगेच सुटतात. त्यांना धरून ठेवायला खळ लागते. ती खळ म्हणजे अमोनिया, किंवा त्याहून चिकट अशी त्याची भावंडं, ज्यांना अमाइन म्हणतात. गोठ्यातल्या मुतातून, मासळीतून, सडणाऱ्या मांसातून हे वायू निघतात. त्यांचा इतका थोडा अंश पुरतो, की नाकाला पत्ताही लागत नाही. असे जन्मलेले कण वाढत वाढत पुढे आभाळात ढगाच्या थेंबाचं बी होतात. कणाशिवाय थेंब नाही, थेंबाशिवाय ढग नाही. म्हणून आमची ही पिशवी.

नवजात कण कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून असा बघता येत नाही. त्याला आधी अल्कोहोलच्या वाफेत न्हाऊ घालावं लागतं. वाफ अंगावर बसून तो फुगतो आणि लेझरच्या झोतासमोरून जाताना चमकतो. यंत्र ती चमक मोजतं. पडद्यावर रेघ सरळ असली की पिशवी रिकामी. रेघ उठली की कोणीतरी आलं.

'कोणीतरी' हा शब्द शास्त्राचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण आम्ही सगळे तसंच बोलायचो. एकदा पुण्याच्या प्रयोगशाळेत दिल्लीचे एक मोठे साहेब पाहणीला आले होते. पिशवीची रेघ एकदम ताडासारखी उभी राहिली. आम्ही नळ्या तपासल्या, झडपा तपासल्या, घामाघूम झालो. शेवटी लक्षात आलं, साहेब पलीकडच्या खोलीत बसून संत्रं सोलत होते. सालीचा वास दाराच्या फटीतून आमच्या हवेत शिरला होता. तेव्हापासून आमच्याकडे अत्तर बंद, केसांना तेल बंद, गजरा बंद. माझे केस अकाली का पांढरे झाले, याचं हे एक कारण.

पण सांगायची गोष्ट पुण्याची नाही, जालन्याकडच्या परतूरची आहे.

नोकरीच्या शेवटच्या काळात आम्ही ठरवलं, की शहरातल्या बंद खोलीत सगळं कळत नाही. पिशवी शेताच्या हवेत न्यायला हवी. मी मूळची मंठ्याची, त्यामुळे तो भाग माझ्या पायाखालचा. जागा मिळाली ती परतूरच्या बाहेर, एका बंद पडलेल्या, कापूस पिंजायच्या जिनिंगच्या आवारात. भावाभावांच्या कोर्टकचेरीत ती जिनिंग कधीची कुलपात होती. मागच्या बाजूला वेडी बाभूळ माजलेली, भिंतीला नाल्याकडून एक भगदाड, आणि कोपऱ्यात सडक्या सरकीचा मोठा ढीग. आम्ही फाल्गुनात गेलो तेव्हा त्या ढिगाची इतकी दुर्गंधी येत होती, की पहिल्यांदा ट्रॅक्टर लावून तो उचलायला लावला. तरी आठ-दहा दिवस वास राहिला. मग तो गेला.

आवाराची राखण करायला आणि जनरेटर बघायला लिंबाजी नावाचा पन्नाशीचा माणूस ठेवला होता. बोलका, पानतंबाखूचा शौकीन, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल ठाम मत असलेला. गावातून कोणी विचारायला आलं, की हा फुगा ढग पळवतो म्हणतात ते खरं का, तर तोच उत्तर द्यायचा, "आरं, मॅडमला ढग पळवता आले असते तर त्या इथं उन्हात कामून बसल्या असत्या? सावलीला नसतं का घेतलं एखादं ढग?"

दुसरं माणूस म्हणजे गयाबाई. साठीच्या पुढच्या, उंच, वाळलेल्या. दोन शेळ्या घेऊन त्या भगदाडातून आत यायच्या आणि पिशवीच्या मांडवापाशी लिंबाखाली बसायच्या. त्यांचे यजमान, किसनबा, मेंढ्या राखायचे. आम्ही यायच्या आधी, पौषात एका दुपारी मेंढ्या नाल्याच्या पलीकडे चरताना सापडल्या आणि किसनबा सापडले नाहीत. नाला धुंडाळला, दुधना नदीच्या काठाने माणसं फिरली, पोलिसांत कळवलं. काही नाही. मग गावात बोललं जाऊ लागलं, की म्हाताऱ्याचं पोराशी भांडण झालं होतं, तो रागाने निघून गेला, कर्नाटकाकडे धनगरांच्या वाड्यावर असेल. हे सगळं मला लिंबाजीने सांगितलं. गयाबाई स्वतः कधी काही बोलल्या नव्हत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू लावायच्या.

एकदा मी पिशवी भरत होते. ती हळूहळू फुगत, सरसरत उभी राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा दचकायलाच होतं. गयाबाई बघत होत्या.

"ह्याच्यात काय भरता, बाई?"

"हवा, मावशी."

"कोणाची?"

मी म्हणाले, "कोणाची म्हणजे? बाहेरची. गाळून घेतलेली."

 त्यांनी पदर सारखा केला आणि शेळ्यांकडे बघत राहिल्या. त्या प्रश्नाने मला उगाचच अस्वस्थ केलं. लिंबाजीने नंतर दाखवलं म्हणून माझ्या लक्षात आलं, की शेळ्या आवारभर फिरायच्या, पण मागच्या बाभळीच्या रानात शेंगांचा खच पडला असताना तिकडे तोंडसुद्धा करायच्या नाहीत.

चैत्र संपत आला, ऊन कडक झालं, आणि आम्ही कोऱ्या हवेच्या फेऱ्या सुरू केल्या. कोरी फेरी म्हणजे पिशवीत खळ अजिबात नसताना काय होतं ते बघणं. काही होऊ नये, अशी अपेक्षा. सकाळी तसंच झालं. रेघ सरळ. दुपार कलली आणि रेघ उठली.

माझा पहिला संशय पिशवीवर. धुतली, वाळवली, पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ सरळ, दुपार कलली की उठली. नळ्या बदलल्या. गाळण्या नव्या घातल्या. लिंबाजीला आवारात तंबाखू मळायची बंदी केली, त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तरी तेच. भर उन्हात, चहूकडे काही हलत नसताना, त्या रिकाम्या पिशवीत लाखोंनी काहीतरी जन्म घेत होतं. मी बाजूला उभी राहून बघायचे. बघण्यासारखं अर्थातच काही नसायचं. पिशवी स्वच्छ, तिच्यातून पलीकडची भिंत दिसायची. पण पडद्याकडे बघितलं की आत गर्दी.

इतकी वर्षं हे काम करून मी कधी घाबरले नव्हते. त्या आठवड्यात दुपारचं जेवण झालं की मी सारखी घड्याळ बघायला लागले. आवार तेच, ऊन तेच, पण वेळ भरत आल्यासारखं वाटायचं.

मग मी पुण्याहून आणलेल्या नळकांड्यातली हवा पिशवीत भरून बघितली. सकाळी सरळ, दुपारी सरळ, संध्याकाळी सरळ. म्हणजे पिशवी निर्दोष होती. जे येत होतं ते बाहेरच्या हवेतून येत होतं, आमच्या सगळ्या गाळण्या चुकवून. बाहेरची हवा ओढणारा आमचा नळ जिनिंगच्या मागच्या भिंतीवर होता. बाभळीच्या बाजूला.

आम्लात भिजवलेली एक चकती त्या नळाच्या तोंडाशी लावून ठेवली. खळ असेल तर ती आम्लाला चिकटते. चकती पुण्याला पाठवली. तिथे माझे जुने सहकारी वैद्य होते. त्यांचा फोन आला.

"तिथे जवळपास कोणी सुकट वाळत घातलीय का?"

"परतूरला? इथे मासा कुठला? का?"

"अमाइन आहेत. सडलेल्या मासळीत असतात तसले. आणि एक-दोन त्याहून जड आहेत." ते पुढे म्हणाले, "एखादं जनावर मरून पडलंय का बघा. मोठं."

वास कसलाच येत नव्हता. मी आणि लिंबाजी बाभळीत शिरलो तेव्हा वाळलेल्या शेंगांचा आणि तापलेल्या मातीचाच वास होता. लिंबाजी पुढे कोयत्याने फांद्या तोडत होता. झाडीच्या मधोमध गंजके पत्रे पसरलेले दिसले. "ही जुनी विहीर," तो म्हणाला. "मालकानं झाकून टाकल्ती. पाणी आटलं तवाच." एक पत्रा मधोमध खचून फाटलेला होता. दुसरा कडेला सरकला होता, आणि त्याच्यावरून बाभळीची नवी फांदी वाढली होती.

सकाळची वेळ होती. मी त्या फटीशी वाकले तर चेहऱ्यावर काहीच आलं नाही. पण माझ्या बाहीला लागलेली कापसाची एक म्हातारी, जिनिंगच्या आवारात ती अजूनही उडत असते, सुटून त्या फटीवर गेली आणि झपकन आत ओढली गेली.

लिंबाजी दोन पावलं मागे सरला.

"हवा आत जाऊन राह्यली, मॅडम."

मला उलगडा व्हायला वेळ लागला नाही, आणि उलगडा झाल्यामुळे बरं वाटलं असंही नाही. हवेचा दाब दिवसभर सारखा नसतो. सकाळी तो चढतो, दुपार कलली की उतरतो. आपल्याला जाणवत नाही, पण जमिनीला जाणवतो. आपल्या काळ्या दगडाला भेगा असतात, पोकळ्या असतात. खोल, कोरडी, झाकलेली विहीर त्या सगळ्यांचं तोंड असते. दाब चढला की विहीर हवा आत घेते. दाब उतरला की बाहेर सोडते. आम्ही दुपारी पुन्हा तिथे गेलो. लिंबाजीने बोंडातला थोडा कापूस पिंजून फटीवर धरला आणि बोटं सोडली. कापूस खाली पडला नाही. तो हलकेच वर उचलला गेला आणि बाजूच्या फांदीला जाऊन अडकला.

"जित्ती हाय," लिंबाजी अगदी हळू आवाजात म्हणाला. "विहीर जित्ती हाय, मॅडम."

"जिवंत वगैरे काही नाही. दाबाचा खेळ आहे."

"असंल. पण काय खाऊन बसलीय ती?"

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. मेंढ्या पौषात नाल्यापलीकडे सापडल्या होत्या. नाला भिंतीला लागूनच. भिंतीला भगदाड.

पोलिसांना फोन मीच केला. लिंबाजीने गावात, पोलीस पाटलांना. मी विनंती केली होती, की घरच्यांना आत्ताच काही बोलू नका, अजून काही कळलेलं नाही. पण गाव ते गाव. पोलीस यायच्या आधी किसनबांचा मुलगा माणिक आला. तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता, सुट्टीवर घरी आलेला. तिशीतला, दणकट. मोटारसायकल तशीच आडवी टाकून तो बाभळीत घुसला, काट्यांनी हात फाटले तरी थांबला नाही. पत्रे त्याने एकट्याने उचलून फेकले.

विहीर उघडी पडली. आतल्या बाजूने बांधकामातले दगड पायऱ्यांसारखे बाहेर आलेले होते, एकाखाली एक, अंधारात उतरत गेलेले. तळ दिसत नव्हता.

"माणिकराव, थांबा," मी म्हणाले. "आतली हवा खराब असते. आधी बघू द्या."

"काय बघायचंय? माझा बाप हाय त्याच्यात."

"असतील किंवा नसतील. तुम्ही उतरू नका. अग्निशमनची गाडी निघालीय."

मी वायूचा मीटर आणायला पळाले. आमच्याकडे नळकांडी असायची म्हणून तो कायम जवळ ठेवत असू. परत आले तोवर तो उतरलेला होता. चारपाच दगड खाली, डोकं काठाच्या हातभर खाली. लिंबाजी काठावर पालथा पडून त्याला हाका मारत होता.

माणिकने वर बघितलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मघापासूनचा सगळा त्रास त्याच्यावरून पुसल्यासारखा झाला होता. तो हसत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "इथं लई गार हाय. लई बरं वाटून राह्यलंय."

"धरा त्याला!" मी ओरडले.

लिंबाजीने त्याच्या शर्टाची कॉलर धरली, मी एक मनगट. त्याची बोटं दगडावरून आपोआप सुटत होती, कोणी अलगद उलगडावीत तशी. नुकतेच पोचलेले पोलीस पाटील आणि त्यांच्याबरोबरचा एक माणूस धावले म्हणून तो वर आला. आम्हा दोघांच्याने ते झालं नसतं. बाहेर उन्हात आडवा केल्यावर थोड्या वेळाने त्याला उलटी झाली आणि मग तो थरथरायला लागला. आपण हसलो होतो हे त्याला आठवत नव्हतं.

मी मीटरला दोरी बांधून तो विहिरीत सोडला. थोडा खाली गेला आणि त्याचा धोक्याचा भोंगा वाजायला लागला. प्राणवायू कमी पडला की तो वाजतो. मी दोरी सोडत राहिले आणि तो आवाज खाली खाली जात राहिला, बारीक, न थांबणारा, त्या अंधारातून वर येणारा. गयाबाई तेवढ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"कोण वरडतंय?"

"मशीन आहे, मावशी. खाली श्वास घेण्याजोगी हवा नाही, असं सांगतंय."

त्यांनी मान हलवली. जणू एवढंच त्यांना हवं होतं.

माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं, पण हवा होती. पिशवी भरायचा आमचा पंखा दमदार होता आणि नळी लांब होती. लिंबाजीने जनरेटर मांडवापासून मागे ओढत आणला, आम्ही नळी पिशवीपासून सोडवून विहिरीत सोडली आणि बाहेरची साधी हवा खाली ढकलायला सुरुवात केली. विहिरीने आधी आपली हवा आमच्या तोंडावर सोडली. तेव्हा मात्र वास आला. अगदी थोडा, गोडसर. माणिकने तोंड फिरवलं. गयाबाईंनी फिरवलं नाही.

बऱ्याच वेळाने मीटरचा आवाज थांबला. पोलीस आले होते, अग्निशमनचीही गाडी लागली. त्यांचा एक जवान तोंडावर मुखवटा आणि पाठीवर नळकांडं बांधून उतरला. आम्ही सगळे काठापासून दूर उभे होतो. त्याच्या टॉर्चचा उजेड भिंतींवरून फिरत खाली गेला आणि तळाशी एका जागी स्थिर झाला.

तो वर आल्यावर आधी पोलिसांशी बोलला. मग माणिक स्वतःच पुढे झाला.

"सांगा मला. मी मुलगा हाय."

जवान वयाने लहानच होता. त्याने मुखवटा हातात धरला होता, बोलताना तो सारखा त्याच्याकडे बघत होता. "म्हातारे हायेत," तो म्हणाला. "भिंतीला टेकून उभ्यासारखे बसलेत. एक हात वर, दगडाला धरलेला. पाठीवर पटक्यानं काहीतरी बांधलंय. मी आधी गाठोडं समजलो. कोकरू हाय."

 त्या फाटलेल्या पत्र्यातून कोकरू खाली पडलं होतं, हे सांगायला आता कोणाची गरज नव्हती. किसनबा शेजारचा पत्रा सरकवून त्याच्यामागे उतरले होते.

माणिक म्हणाला, "पाठीवर बांधल्तं?"

"हाव. घट्ट."

"म्हंजे वर यायलाच निघाल्ते." त्याने हे जवानाला सांगितलं, मग पोलिसांना, मग आईकडे वळून पुन्हा. "माय, आबा वर यायलाच निघाल्ते. मी म्हणालो व्हतो त्यांला, जा कुठं जायचं ते. मेंढ्या इका नाहीतर जा. पण ते कुठं गेले न्हाईत. घरीच येऊन राह्यले व्हते." आणि मग तो मोठा माणूस काट्यांत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

गयाबाई रडल्या नाहीत. त्यांनी लिंबाजीला विचारलं, "कोकराला काय झालं?" 

किसनबांना वर काढलं, तपासणीला नेलं, आणि नंतर त्यांच्या शेतात अग्नी दिला. मी गेले होते. पुढे गावात कोणी कर्नाटकाचं नाव काढलं नाही.

माझं काम थांबलं नव्हतं. ते थांबवावं असं मला वाटत होतं, पण पावसाळ्याआधीच्या फेऱ्या संपवायच्या होत्या. पिशवी पुन्हा लावली. विहीर आता उघडी होती, तिला लोखंडी जाळी बसवली होती. मला वाटलं होतं की आता रेघ दुपारीही सरळ राहील. राहिली नाही. सकाळी सरळ, आणि दुपार कलली की उठली. पहिल्यापेक्षा कमी, पण उठली.

याचंही कारण आहे. दगडाच्या भेगांत, मातीत, बांधकामाच्या चुन्यात ते वायू मुरलेले असतात. माणूस हलवला म्हणून ते लगेच हलत नाहीत. मी हे कारण स्वतःला रोज सांगत होते.

गयाबाई पुन्हा यायला लागल्या. कपाळ आता मोकळं होतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या मशीनला कळलं म्हणं आमचं म्हातारं तिथं हाय ते?"

"मशीनला एवढंच कळलं की काहीतरी आहे."

"आता?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या बाईने विहिरीतला भोंगा ऐकला होता. मी म्हणाले, "अजून थोडं दिसतंय, मावशी."

"बराबर," त्या म्हणाल्या. "मलाबी वाटून राह्यलं."

त्यानंतर हा आमचा रोजचाच परिपाठ झाला. उन्हं कलली की त्या विचारायच्या, "दिसतंय का?" मी पडदा बघून सांगायचे, "दिसतंय." त्या बसून राहायच्या. कधी किसनबांबद्दल बोलायच्या; ते मेंढरांना शीळ कशी घालायचे, जेवताना बोललेलं त्यांना कसं खपायचं नाही. एकदा मला म्हणाल्या, "माणिकला सांगू नका. त्याला भ्या वाटंल." लिंबाजीला हे सगळं पसंत नव्हतं. तो मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, गेलेल्याला असं अडकवून ठेवू नये." मी त्याला दगडाच्या भेगांचं शास्त्र समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तेच म्हणून राह्यलो मी."

रेघ रोज थोडी ठेंगणी होत गेली. शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी सुरेख उतरणं होतं. विद्यार्थ्यांना दाखवावं असं. आणि मला मात्र ते संपू नये असं वाटायला लागलं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सगळं आयुष्य सरळ रेघ मिळवण्यात गेलेली बाई, दुपारी पडद्यासमोर बसून ती वाकडी व्हावी म्हणून वाट बघत होती.

वैशाखाच्या शेवटी आभाळ भरून यायला लागलं. एका दुपारी दाब चांगलाच उतरला, विहीर नक्कीच श्वास सोडत असणार, बाभळीची पानंही हलत होती. रेघ हलली नाही. मी थांबले. नळ्या तपासल्या, काडेपेटीतली काडी ओढून यंत्राला धूर दाखवला; ते ठीक होतं, ताबडतोब उसळलं आणि पुन्हा शांत झालं.

लिंबाखालून आवाज आला, "दिसतंय का, बाई?"

मी बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसले. "आज नाही, मावशी."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

 त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर झटकला आणि शेळ्यांना हाक दिली. शेळ्या बाभळीच्या रानात शेंगा खात होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खायला लागल्या.

"खाऊ द्या त्यांला," गयाबाई म्हणाल्या, आणि मग तिथेच उभं राहून, विहिरीकडे तोंड करून, त्या पहिल्यांदा रडल्या.